जावेची साक्ष

मेंढरं मोडून शेतीला लागलेल्या घरात प्रेमला थोरली सून म्हणून आली. शहागडजवळची वस्ती, नवरा मल्हारी भला पण तोंडातून शब्द न फुटणारा. चार वर्षांनी धाकट्या दिराची, रामेश्वरची बायको आली. दैवशाला. मोठ्यानं हसणारी पोरगी. वर्ष सरलं तशी ती तोंडावर पदर धरून बोलायला लागली. पुढचे दोन दात गेले होते.

"चिखलात घसरले, बाई," ती म्हणायची. ऐन उन्हाळ्यात चिखल कुठला? पण प्रेमलानं विचारलं नाही. भिंतीपलीकडून आवाज आला की ती भांडी जोरजोरात घासायची.

मग जबडाच सुजला. भाकर चावता येईना. प्रेमला दुधात कुस्करून द्यायची. सासू वच्छलाबाई ते बघायची आणि शेण काढायला निघून जायची.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका दुपारी दैवशाला गोठ्यात मेलेली सापडली. तोंड ओळखू येत नव्हतं.

"म्हशीनं लाथ मारली," रामेश्वर म्हणाला. पोलिसांनी अंगणात सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा प्रेमलाही बोलून गेली, "म्हशीनंच."

त्या दिवसापासून तिचा पाय एका जागी ठरेना. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. भरलेला हंडा ओतून पुन्हा भरायची. दहाव्याला दैवशालाचा भाऊ राजानंद आला. त्यानं तिला बाजूला घेतलं. "पोस्टमार्टमचा डाक्टर म्हणला, जबडा आधी बी एकदा मोडल्ता. वाकडाच जुळला. म्हैस कितींदा लाथ मारती, ताई?"

प्रेमलानं हातातला तांब्या तिथंच ठेवला आणि रस्ता धरला.

"कुठं निघालीस?" मल्हारीनं विचारलं.

"ठाण्यात."

"घर मोडंल."

"मोडू द्या."

तो उंबऱ्यात घुटमळला. मग चप्पल पायात सरकवून तिच्या मागं चालू लागला.

कोर्टात रामेश्वरच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही त्याला मारताना पाहिलं?"

"न्हाई, साहेब."

"मग कशाची साक्ष देता?"

"तिला खाताना पाहिलं. आधी एका बाजूनं चावायची. मंग चावणंच बंद झालं. आन पहिल्यांदा मी पोलिसाला खोटं सांगितल्तं, ते बी लिहून घ्या."

रामेश्वरला जन्मठेप झाली. प्रेमला आणि मल्हारी वस्ती सोडून हायवेलगतच्या पत्र्याच्या खोलीत आले. तो ट्रकांवर हमाली करतो, ती ढाब्यावर भाकरी थापते. काम संपलं तरी ती बसत नाही, आत-बाहेर करत राहते.

गेल्या पोळ्यानंतर वच्छलाबाई दारात येऊन बसली. पाणी प्याली. बराच वेळ ट्रक बघत राहिली.

"आधीच का न्हाई बोललीस?" ती म्हणाली. "माझा पोरगा बी वाचला असता."

"आत्याबाई, तुम्ही बी घरातच होता की."

म्हातारी उठली. पदर सावरत स्टँडकडं निघाली. प्रेमला तिच्या मागं चार पावलं गेली, थांबली, पुन्हा गेली.