रिकाम्या गाडीचं भाडं

बाबांकडे लढाईनंतर लष्करानं विकलेली, सदा बंद पडणारी जुनाट लॉरी होती. तिचे जड सुटे भाग नागपूरहून मालगाडीनं वणीला उतरत. तिथून मारेगावला आणायला बाबांनी भाड्याचा ट्रक कधी केला नाही. सरकी काढणाऱ्या जिनात कापूस टाकून परतणारी बैलगाडी ते अडवत. "रिकामीच जाऊन राह्यली ना, मंग भाडं कायचं?" म्हणत गिअरबॉक्स चढवत आणि गाडीवानाच्या हाती बिडीबंडल ठेवत. या चिंगूसपणाची मला भारी चीड यायची.

एका हिवाळ्यात वणीच्या दवाखान्यात बाबा वारले. त्यांनाही त्यातल्याच एका गाडीतून घरी आणलं. फळ्यांवर मागच्या खेपेला आणलेल्या एक्सलचं ग्रीस तसंच होतं.

दारात मी पैसे काढले. गाडीवान बैलांकडे पाहत म्हणाला, "राहू दे माय. रिकामीच येऊन राह्यलती."