मागे बसल्याचा दिवा

आज खंडेनवमी. विळी, कात्री, सुरी सगळी हळदकुंकू लावून पूजेला बसली आहेत, म्हणून पालेभाजी हातानेच मोडून केली. उद्या दशमीची पूजा झाल्याशिवाय आमच्या नंजनगूडमध्ये कुणी हत्याराला हात लावायचा नाही. दुपारी जे झालं ते आत्ताच लिहून काढते, नाहीतर उद्या देवीपुढे बसले की हसूच येत राहील.

शेजारचे पुट्टमादप्पा उदबत्तीच्या कारखान्यातून निवृत्त झाले, पण अंगाचा चंदनाचा वास काही गेला नाही. माणूस देवासारखा. फक्त डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते. तीन वर्षांपूर्वी नवराबायको मोटारसायकलवरून देवीरम्मांच्या माहेरी निघाले होते. पेट्रोल पंपावर देवीरम्मा उतरल्या. यांनी टाकी भरली, कीक मारली आणि थेट मेहुण्याच्या दारात जाऊन उभे राहिले. मेहुण्याने विचारलं, ताई कुठंय? हे म्हणाले, ही काय मागे. मागे एक कुत्रं उभं होतं.

तेव्हापासून देवीरम्मा त्या गाडीवर बसल्या नाहीत. त्या बसने जातात आणि पुट्टमादप्पा बसच्या मागोमाग मोटारसायकलवर. त्या मुद्दाम शेवटच्या खिडकीत बसतात, हे वाट चुकू नयेत म्हणून. बसमधल्या बायका विचारतात, अक्का, हा म्हातारा कधीचा तुमच्या मागे लागलाय, कंडक्टरला सांगू का?

पुट्टमादप्पांना हे फार लागलं होतं. संध्याकाळी गाडी पुसताना मागची सीट ते जरा जास्तच वेळ पुसत. शेवटी श्रावणात देवीरम्मा म्हणाल्या, खंडेनवमीला एकदा बसून बघते. पण पुन्हा विसरलात, तर गाडी विकायची. त्यावर त्यांनी गाडीच्या हँडलला हात लावून शपथ घेतली आणि त्याच दिवशी देवीरम्मांच्या इडलीपात्रातली एक थाळी नाहीशी झाली.

त्या थाळीचा त्यांनी डॅशबोर्ड केला. त्यांचं म्हणणं, देवाने इडलीची थाळी मुळात याचसाठी घडवली. घड्याळं बसवायला वाट्या आयत्या आणि स्क्रूसाठी वाफेची भोकं आधीपासून पाडलेली. एका वाटीत गजराचं घड्याळ. दुसरीत होकायंत्र. ते हँडलजवळच्या लोखंडामुळे कायम पुट्टमादप्पांच्या पोटाकडे बोट दाखवी. तिसरीत जुन्या स्टॅबिलायझरचा काटा. तो काय मोजतो ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण तो हलला की त्यांना बरं वाटायचं. आणि चौथ्या वाटीत लाल दिवा. मागच्या सीटखाली दाराच्या बेलचं बटण दडवलेलं. सीटवर बायको बसली की बटण दाबलं जाणार आणि दिवा लागणार. दिवा विझला की बायको पडली, उतरली किंवा रागावून गेली असं समजायचं.

ही कल्पना ऐकून देवीरम्मांनी सीटखाली हात घालून बटण दाबून पाहिलं. मग म्हणाल्या, मान वळवून बघायला काय पैसे पडतात? हे म्हणाले, गाडी चालवताना नजर समोर पाहिजे.

चाचणीला मलाच बसवलं, अंगणात उभ्या गाडीवर. परपुरुषाची गाडी म्हणून मी हातात जपमाळ घेऊनच बसले. दिवा लागला. पुट्टमादप्पांनी समोरूनच मला नमस्कार केला.

तर आज गाडी धुतली, झेंडूच्या माळा घातल्या, हँडलला केळीची पानं बांधली, इडलीच्या प्रत्येक वाटीला गंध लावलं. चाकाखालचं लिंबू फुटलं. आता माहेरी जायचं होतं. तिथे भावाच्या ट्रॅक्टरवरून ओवाळून फोडायला देवीरम्मांनी आपल्या वेलाचा भलामोठा कोहळा ठेवला होता. तो पिशवीत घालून त्यांनी मागच्या सीटवर टेकवला आणि कुलूप लावायला वळल्या.

दिवा लागला. पुट्टमादप्पांनी हेल्मेट चढवलं, दिव्याकडे बघून मान डोलावली आणि निघाले.

देवीरम्मा कुलूप हातात धरून उभ्या. ओरडल्या नाहीत, धावल्या नाहीत. मला म्हणाल्या, अक्का, चप्पल घाला. कोपऱ्यावरच्या रेवण्णाची रिक्षा नुकतीच पुजून झाली होती. फुलांमुळे त्याला पुढचं अर्धंच दिसत होतं. तरी देवीरम्मांच्या माहेरच्या, चामराजनगरच्या वाटेवर त्याने ती हाकली. मी गावच्या श्रीकंठेश्वराचं नाव घेत होते. देवीरम्मा गाडीला गिऱ्हाईक कोण मिळेल याचा विचार करत होत्या.

रेल्वेचं फाटक बंद होतं म्हणून सापडले. सगळ्यांत पुढे, फाटकाला चाक टेकवून उभे. मागे कोहळा. आणि ते बोलत होते. हेल्मेट घातलेला माणूस ओरडूनच बोलतो, त्यामुळे फाटकावरची सगळी माणसं ऐकत होती. शेंगा विकणारी बाईसुद्धा टोपली खाली ठेवून ऐकत होती.

"देवी, त्या दिवशी पंपावर तू दोन तास उन्हात उभी राहिलीस," ते दिव्याकडे बघून सांगत होते. "मी सगळ्यांना सांगितलं, तूच उतरल्याचं बोलली नाहीस. खोटं होतं ते. तू बोललीस. मी टाकीत बघत होतो."

आम्ही रिक्षातून उतरून त्यांच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिलो. कुणी हसलं नाही. देवीरम्मांनी पदर तोंडाला लावला होता.

"गाडी विकली तरी चालेल. पण तू बसच्या काचेतून बघतेस ना, ते बघवत नाही. ऐकतेस ना?"

"ऐकतेय," देवीरम्मा म्हणाल्या.

पुट्टमादप्पांनी समाधानाने मान हलवली. दिवा लागलेला, उत्तर आलेलं, आणखी काय पाहिजे? तेवढ्यात आगगाडी गेली, फाटक उघडलं आणि यांनी कीक मारली. देवीरम्मांनी पटकन पुढे होऊन पिशवीचे बंद धरले. गाडी सुटली, कोहळा हातात राहिला, दिवा विझला.

ब्रेक असा लागला की मागचा टेम्पो शिव्या देत बाजूला गेला. पुट्टमादप्पा उतरले आणि आधी गाडीखाली वाकून बघितलं. मग रुळांत बघितलं. मग देवी, देवी अशा हाका मारत शेंगावालीच्या टोपलीमागे बघितलं. हेल्मेट कुठे फेकलं त्यांनाही कळलं नाही. शेवटी मागे वळले, तर देवीरम्मा कोहळा कडेवर घेऊन उभ्या.

त्यांनी बायकोकडे बघितलं, कोहळ्याकडे बघितलं. आतापर्यंत कोणाशी बोललो ते ध्यानात आलं. मग गाडीची किल्ली काढून त्यांनी पुढे केली.

देवीरम्मांनी ती घेतली नाही. विचारलं, "याच्याशी एवढं बोललात, मग हा काय म्हणाला?"

"काही नाही. मला शेवटपर्यंत बोलू दिलं."

शेंगावाली फिस्सकन हसली. देवीरम्मासुद्धा हसल्या असाव्यात. पदरामुळे नीट दिसलं नाही. मग म्हणाल्या, "बसते. पण तो दिवा काढा. आत्ता."

आता आली पंचाईत. काढायला पक्कड पाहिजे. रेवण्णाकडे मागितली, तर तो कानाला हात लावून म्हणाला, पक्कड पूजेला आहे, अम्मा. फाटकाजवळच्या पंक्चरवाल्याचे पान्हे केळीच्या पानावर ओळीने मांडलेले, वर उदबत्ती. त्याने तर पाठच फिरवली. शेंगावालीकडची सुरीसुद्धा घरी देवापुढे. शेवटी पुट्टमादप्पा गाडीपुढे मांडी घालून बसले आणि दिव्याची वायर त्यांनी दातांनी तोडली. दात काही त्यांनी पूजेला ठेवले नव्हते. पाचव्या मिनिटाला वायर तुटली, बरोबर स्टॅबिलायझरचा काटाही कायमचा निजला.

देवीरम्मांनी कोहळा रिक्षात माझ्या मांडीवर दिला, साडी सावरली आणि मागे बसल्या. आम्ही त्यांच्या मागून निघालो. दिवा नसल्यामुळे पुट्टमादप्पांना आता खात्री करायला दुसरा उपाय नव्हता. पहिल्याच वळणापर्यंत ते इतक्यांदा मागे वळले की गाडी उसात शिरता शिरता राहिली. रेवण्णाने भीतीने रिक्षा हळू केली. तेव्हा देवीरम्मांनी दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं आणि रस्त्याकडे फिरवलं.

"मी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही समोर बघा."

आणि हात तसेच ठेवून, माहेर येईपर्यंत त्यांनी ते डोकं सोडलं नाही.