डब्यांना फसवणारे तात्या

आमचे तात्या दिवसभर डब्यांशी खोटं बोलायचे आणि त्याचा पगार घ्यायचे.

बारामतीच्या एमआयडीसीतली आमची कंपनी शेतपंपांसाठी रेडिओचे डबे बनवायची. घरी बसून बटण दाबायचं. रानात विहिरीवरचा डबा ते ऐकणार आणि मोटार चालू करणार. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी इंटर्नशिपसाठी रोज इंदापूरहून एसटीनं तिथं जायचे. तिथं तात्या डबे विकायला जाण्याआधी तपासायचे. टेबलावरचा डबा तेवढा खरा. विहीर, मोटार, लाईट, शेजारपाजारचे डबे, सगळं कॉम्प्युटरमध्ये रचलेलं. कॉलेजात याला हार्डवेअर-इन-द-लूप टेस्टिंग म्हणत. तात्या म्हणायचे, "ह्याला वाटलं पायजे, आपुन विहिरीवरच बसलोय."

वडगाव निंबाळकरला रेडिओ दुरुस्त करता करता ते इथं आलेले, आणि फसवायची हौस दांडगी. एकदा खरखर हवी म्हणून त्यांनी कॅन्टीनचा मिक्सरच उचलून आणला आणि डब्याशेजारी भरारा फिरवला. डबा बावचळला, तात्या खूश! त्या दिवशी अख्ख्या कंपनीनं चटणीशिवाय इडली खाल्ली. कॅन्टीनच्या मावशींनी त्यांचा चहा तोडला, तर हे डब्यालाच म्हणतात, "तुज्यापायी च्या बंद झाला बग."

मला मात्र त्यांची सही हवी होती. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, शेवटच्या टेस्ट रिपोर्टवर तात्यांची सही झाली की नोकरी पक्की. मी जीव तोडून टेस्ट लिहिल्या, सगळ्या पास! तात्यांनी रिपोर्ट दोनदा परत केला. "लई गुणी डबा हाय," एवढंच. काय चुकलं ते सांगतील तर शपथ. मला रडूच यायचं.

इंटर्नशिपचे दोन दिवस उरले तेव्हा त्यांनी विचारलं, तुझ्या टेस्टमध्ये शेजारचे डबे बोलतात कसे? मी ऐटीत सांगितलं, एकामागून एक. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"आगं, तू इंदापूरची ना? लाईट आल्यावर लोकं रांग लावून मोटारी चालू करत्यात व्हय?"

मी कपाळावर हात मारला. लाईट आली की वडिलांची, चुलत्यांची, पलीकडच्या शिवारातली, सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, हे मी जन्मभर ऐकत आले होते. आणि कॉम्प्युटरसमोर बसल्यावर भलतंच शिस्तीचं गाव रचून मोकळी झाले होते!

मग सगळे डबे एकदम बोलायला लावले. त्या गलक्यात आमच्या डब्याला काही ऐकूच येईना, तो ठप्प. बटण दाब दाब दाबलं तरी मोटार चालू होईना. मी आनंदानं उडीच मारली, आणि खाली येईपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. सोमवारी माल जायचा होता. 'फेल' लिहिलं तर माल अडणार, साहेब भडकणार, नोकरी गेलीच म्हणायची. मी ठळक अक्षरांत 'फेल' लिहिलं.

तात्यांनी वाचून तिथल्या तिथं सही ठोकली. साहेबांचा चेहरा उतरला. फेल रिपोर्टवर सही करून मला काय सांगताय, त्यांनी विचारलं.

"डबा फेल झालाय साहेब, पोरगी न्हाय," तात्या म्हणाले. "हिला हितंच ठिवा. पुढल्या महिन्यात मी रिटायर होतोय. माझ्या मागं ह्या डब्यांवर संशय घ्यायला कुणीतरी पायजे."

मी सगळ्यांसमोर भोकाड पसरलं. तात्यांना काय करावं कळेना. ते बाहेर गेले आणि उगाचच आपल्या स्कूटरचा आरसा पुसत बसले.