पायरीवरचं मीठ

रोजा, आधी माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, पुढे हातात पेन्सिल आली ती पावांचा हिशेब मांडायला. ही वहीही मठाच्या पावाच्या भट्टीवरचीच. पुढच्या पानांवर मैद्याची पोती लिहिलेली आहेत, मी मागच्या बाजूने लिहिते आहे. तोंडाने हे तुला सांगता आलं नसतं. धाकटी बहीण असलीस तरी तू समोर बसलीस की माझी मान खाली जाते, हे तुला ठाऊक आहे.

मठात सिस्टर व्हायला मी उरण सोडलं तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. स्वराज्य आलं त्या वर्षीचा हिवाळा. मिठागरात पाणी घ्यायचे दिवस होते, तरी बाने एक दिवसाची रजा घेतली. पत्र्याची पेटी त्याच्या डोक्यावर आणि मी मागे. आत्या अंगणात उभी राहून सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "बरा नवरा भेटला हिला. क्रुसावरून उतरून कदी हुंडा मागाया येनार न्हाय." सगळे हसले. आयही पदर तोंडाला लावून हसली, मग तो पदर तिने खाली घेतलाच नाही.

करंज्याहून मचव्यात बसून रेवसला उतरलो. तिथून किनाऱ्याने चाललो. मठाच्या अलीकडे एक लहान खाडी आहे, भरतीला गुडघाभर पाणी असतं. बाने आधी पेटी पलीकडे नेऊन ठेवली, मग परत येऊन मला हात दिला. मठाच्या दाराशी काळ्या दगडाची पायरी आहे. तिच्यावर तो ओल्या पायांनी उभा राहिला. आत यायला बोलावलं तरी आला नाही. म्हणाला, पाय खराब हायत. मग मला एवढंच म्हणाला, "फुकटचं खाव नको, बाय. देवाचं पन नको."

दुसऱ्या दिवशी मला दार झाडायला लावलं. पायरीवरचं पाणी वाळलं होतं आणि बाचे दोन पाय पांढरे उमटले होते. मिठाचे. टाचेची भेगसुद्धा दिसत होती. मी केरसुणी त्यांच्या कडेने फिरवली. चार दिवसांनी कुणीतरी पायरी धुतली.

इथे माझं नाव बदललं. घरची तेरू सिस्टर मोनिका झाली. शिकलेल्या सिस्टर मुलांना शिकवायच्या, औषध द्यायच्या. माझ्यासारख्या कमी शिकलेल्या भट्टीवर, विहिरीवर, दारावर. मला बोलायला नको म्हणून मठातलं मौन मला गोडच वाटलं. पण आयच्या सुक्या जवळ्याचा वास नाकातून जायचा नाही. रात्री सगळ्या प्रार्थना पुटपुटत असत आणि मी मनात आपल्या वाडीतली घरं एका टोकापासून मोजत असे.

मठाच्या मागे बाळघर आहे, ते तू पाहिलं आहेस. आई नसलेली, टाकलेली, कधी कधी या दाराशीच ठेवलेली लेकरं. त्यांच्या दुधाचा खर्च आमच्या भट्टीतून निघायचा. मदर क्लॅरा गोव्याच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता की पावाचा पैसा बाळांचा, त्यातली दमडी सिस्टरांच्या औषधालासुद्धा वापरायची नाही. पहाटे भंडारी माडीचं मडकं आणून देई. ती पिठात घातली की पीठ फुगे. अलिबागपर्यंतच्या हॉटेलांत आमचा पाव जायचा. मला देव देवळात फारसा भेटला नाही, खरं सांगते. पीठ फुगून फडकं वर उचलायचं, तेव्हा वाटायचं, हा आहे.

मग बा गेला. मिठाच्या पडावावर पोतं चढवताना फळीवरून पडला, हे तुला आठवतच असेल. तीन दिवस तो घरी पडून होता आणि फादर बाहेरगावी होते. मरणाऱ्याच्या कपाळाला फादरनी लावायचं शेवटचं तेल त्याला लागलं नाही. मला निरोप मिळाला तेव्हा माती देऊन झाली होती. मठातून घरी जायची परवानगी तेव्हा नसे.

महिन्याने आय आली. कान मोकळे होते. सोन्याची फुलं विकून तिने, फादरनी वेदीवर बाच्या नावाने म्हणायच्या तीस मिसांचे पैसे आणले होते. तेल न लावता गेलेल्यासाठी तीस दिवस रोज एक मिसा, मध्ये खंड नाही, म्हणजे वाटेत अडकलेला जीव पुढे जातो, हे आपल्यात लहान पोराला पण माहीत असतं. एका मिसाचा एक रुपया. जुने चांदीचे रुपये, राजाच्या तोंडाचे. तिने गाठ सोडून ते माझ्या ओंजळीत घातले, कारण दारावर मीच होते. मिसाचे पैसे घ्यायचे, वहीत मेलेल्याचं नाव लिहायचं आणि फादर आले की त्यांना द्यायचे, हे माझंच काम होतं.

ते दिवस कसले होते बघ. दारूबंदी आली होती. माडी बंद, भंडाऱ्याचं मडकं बंद. पीठ फुगेना. पाव दगडासारखे निघत, हॉटेलवाले टोपल्या परत पाठवत. एकाने निरोप पाठवला की सिस्टरला सांगा, याने घर बांधता येईल. मदर क्लॅरा मदत मागायला मुंबईला गेल्या होत्या. आणि आय गेली त्याच दुपारी गवळी दाराशी आला. दोन महिन्यांचं दूध उधार होतं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "उद्यापासनं दूध न्हाय, बाय. म्हशीला काय तुमचा पाव चारू? ती पन खायाची न्हाय."

आत एकोणीस बाळं होती. सगळ्यात लहान आठ दिवसांचं. मी वही उघडली होती, बाचं नाव अजून लिहिलं नव्हतं. मी वही मिटली आणि तीस रुपये गवळ्याच्या हातात ठेवले.

मला वाटलं होतं, आठवड्यात पाव फुगेल आणि मी पैसे परत ठेवीन. पाव फुगलाही. मदर मुंबईहून बटाट्याचं आंबवण शिकून आल्या. पण पाव फुगला म्हणून माझ्याकडे पैसे कुठून येणार? मी गरिबीची शपथ घेतलेली. अंगावरचा झगासुद्धा माझा नव्हता. मदरना वाटलं गवळी थांबला, देवाची कृपा. मी काहीच बोलले नाही. न बोलण्याची मला सवयच होती. वहीत एक ओळ कोरी सोडली होती, तिच्या खाली दुसऱ्यांच्या मेलेल्यांची नावं लिहीत गेले. पापं कबूल करायला, कुमसाराला, फादरपुढे गुडघे टेकले की बाकीची सगळी बारीक पापं सांगायची आणि हे एक गिळायचं. ज्या फादरनी त्या मिसा म्हणायच्या, त्यांच्याच कानात कसं सांगू? गुड फ्रायडेला येशूला तीस चांदीच्या नाण्यांना विकल्याची गोष्ट वाचली जाई, तेव्हा मी खाली फरशीकडे बघत असे.

मग पायरीवर पाय दिसायला लागले.

भर दुपारी, रोजा. ऊन असताना. दार उघडावं तर काळ्या दगडावर दोन पांढरे पाय, बोटं दाराकडे, टाचेत भेग. समुद्र जवळ आहे, वाऱ्याने खारं पाणी उडतं, हे मला कळतं. मी कडेकडेने झाडायची, कुणी पायरी धुतली की ते जायचे. चार-आठ दिवसांनी परत. दुसऱ्या कुठल्या सिस्टरने कधी काही विचारलं नाही. त्यांना दिसत नसतील, नाहीतर त्याही माझ्यासारख्या गप्प असतील.

दर वर्षी मठाच्या सणाला आय यायची, तुला माहीत आहे, तू टोपली धरून असायचीस. ती मला विचारायची, मिसा झाल्या ना. मी मान हलवायची. तोंडाने खोटं बोलले नाही म्हणून मनाची समजूत घालायची. चौथ्या वर्षी ती माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "मंग तो सपनात का येतो गं? पाय वले असतात. दारात उबा ऱ्हातो. या म्हनलं तरी आत येत न्हाय."

त्या संध्याकाळी मी फादरना सगळं सांगितलं.  ते म्हणाले की देवाची क्षमा तुला आहे, मिसा मी उद्यापासून सुरू करतो, पैसे नकोत. मी नको म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसाला नको म्हटलं. त्या मिसा आयच्या कानातल्या फुलांच्या होत्या, फुकटच्या नव्हत्या, आणि बा फुकटचं घ्यायचा नाही. हा माझा गर्व होता की काय, हे मला आजही कळत नाही. त्याला आणखी थांबवलं ते मीच.

मग मदर क्लॅरांनाही सांगितलं, त्या रागावल्या नाहीत. पण बाळांच्या डब्यातून एक पैसाही काढायचा नाही, हेच म्हणाल्या. दर शनिवारी परत आलेला शिळा पाव त्यांनी मला दिला. सगळं काम आटोपल्यावर मी तो कापून निवत्या भट्टीत टोस्ट करायचे. पाववाला ते विकायचा. आलेल्यातले दोन आणे माझ्या बाच्या नावाने मदरच्या कपाटात, उरलेले बाळांना. मिसा सलग व्हायला हव्या, म्हणून तीस रुपये पुरे साठल्याशिवाय सुरुवात नाही. अर्ध्या वाटेवर आणे गेले आणि नवे पैसे आले. मला किती दिवस हिशेबच लागेना.

पुढच्या सणाला मी आयला सांगितलं. तू टोपली घेऊन लांब उभी होतीस आणि नंतर कितीदा विचारलंस की आय तेव्हा का गप्प झाली. म्हणून तर हे लिहिते आहे. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. बऱ्याच वेळाने विचारलं, "पोरांनी पिलं ना दूद?"

पिलं, म्हणाले.

"मंग उबा ऱ्हाव दे त्याला," ती उठत म्हणाली. "पन लवकर कर, बाय."

लवकर झालं नाही. तिसाव्या रुपयाला अजून वर्ष होतं तेव्हा आय गेली. तू कळवलंस. तिच्याजवळ फादर होते, तेल लागलं, हे वाचून मी पहिल्यांदा रडले. या वेळी मला जायला मिळालं असतं, पण निरोप पोचला तोवर उशीर झाला होता.

गेल्या महिन्यात तीस भरले. मदरनी पैसे मला मोजून दिले. रोज सकाळी मिसाआधी मी एक रुपया फादरच्या हातावर ठेवायची आणि ते वेदीवरून बाचं नाव घ्यायचे. पहिल्या दिवशी वहीतली कोरी ओळ भरली: पास्कू, मिठागरवाला, उरण. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं. देवळात मागच्या बाकावर आता बाळघरातली, शाळेत जाणारी मुलं बसतात. त्यातली मोठी त्याच दुधावर वाढलेली. त्यांना बा कोण ते ठाऊक नाही, पण नाव आलं की तीही आमेन म्हणतात.

इतकी वर्षं घर म्हटलं की मला उरण आठवायचं नाही, रोजा, ही पायरी आठवायची. दाराशी माझं कुणीतरी ताटकळत उभं आहे, एवढंच घर मला उरलं होतं. मी त्याला भ्यायचे आणि दुपार झाली की दार उघडून बघायचेही.

काल तिसावा रुपया दिला. मिसा झाली. दुपारी दार उघडलं. वारा खारा होता, खाडीला भरती होती, पायरी काळी आणि कोरडी होती. मी केरसुणी घेऊन बराच वेळ उभी राहिले. मग पहिल्यांदा ती पायरी मधोमध झाडली. देणं फिटलं.