तिसरा रकाना

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. आमच्या संघटनेच्या लेखी मतातला तुमचा परिच्छेद मंत्रालयाने नाकारला, असं मी एका डॉक्टरबाईंना पत्राने कळवलं होतं. मंत्रालयाने तो नाकारला नव्हता. तो तिथवर पोचलाच नव्हता. पाठवण्याआधी मीच तो काढून टाकला होता.

माझं काम नेमकं काय, हे इथल्या, जर्मनीतल्या मराठी मित्रांना कधी धड कळलं नाही. बहुतेक जण झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात गाड्यांच्या कामावर, उरलेले सॉफ्टवेअरमध्ये. त्यांचं काम एका वाक्यात सांगून होतं. मी सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांच्या संघटनेत होतो. हे डॉक्टर दवाखाना चालवत नाहीत, जिल्ह्याच्या गेझुंडहाइट्सआम्टमध्ये म्हणजे आरोग्य कार्यालयात असतात. साथी, पिण्याचं पाणी, शाळेत जायच्या आधी मुलांची तपासणी, असली कामं त्यांची. नवा कायदा येऊ घातला की त्यांच्या वतीने सरकारशी बोलायचं काम माझं. एकदा गणपतीच्या जेवणात पंगतीतला एक मित्र म्हणाला, "म्हणजे वशिला लावायचं काम की रे."

"हो, पण लेखी," मी म्हणालो. सगळे हसले, मीही हसलो.

या कामात मी आलो तोच त्या डॉक्टरबाईंमुळे, आणि त्या आमच्या आयुष्यात आल्या त्या मुलीमुळे. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. घरी आम्ही मराठी बोलायचो आणि ती एक तर "वास?" म्हणजे जर्मनमध्ये "काय?" म्हणून विचारायची, नाही तर उत्तरच द्यायची नाही. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. इथे वाढणारी सगळ्यांचीच मुलं मराठीला जर्मनमध्ये उत्तर देतात, ही जरा जास्त हट्टी, इतकंच. बायको मला बजावायची, "तू तिच्याशी जर्मन बोलू नकोस हं, नाही तर ती कधीच शिकायची नाही." तिकडे किंडरगार्टनमधल्या शिक्षिका फार सौम्यपणे सुचवायच्या की घरी थोडं जर्मन बोललात तर बरं, वर्गात तिला आमचं बोलणं समजत नाही. त्या मराठीला दोष देत होत्या, आम्ही जर्मनला. असं वर्षभर चाललं.

मग आरोग्य कार्यालयाची फेरी आली. त्या डॉक्टरबाई आणि त्यांची मदतनीस गावोगावच्या किंडरगार्टनमध्ये जायच्या, एका राखाडी पेटीत कान तपासायचं यंत्र घेऊन. मुलाच्या कानावर मोठे हेडफोन चढवायचे, आवाज आला की त्याने लाकडी मणी वाडग्यात टाकायचा. आमच्या मुलीच्या वाडग्यात जवळजवळ काही पडलंच नाही. त्याच आठवड्यात बाईंनी आम्हाला दोघांना बोलावून घेतलं.

"तिला दोन्ही भाषा येतात," त्या म्हणाल्या. "तिला ऐकू येत नाही."

पडद्यामागे पाणी साठलं होतं, दोन्ही कानांत. छोटी शस्त्रक्रिया झाली. घरी येताना गाडीत मुलीने विचारलं, हे टिक-टिक काय वाजतंय? मी वळणावर सिग्नल दिला होता, त्याचा आवाज होता तो. बायको मागच्या सीटवर तिच्याजवळ बसली होती. स्टुटगार्टच्या चढावरून घरी पोचेपर्यंत प्रत्येक वळणावर ती मुलीला विचारत होती, आता ऐकू आलं?

त्या दिवाळीपासून बाईंकडे फराळाचा डबा जाऊ लागला. दिलेला डबा आमच्याकडे रिकामा परत करत नाहीत, हे बायकोने त्यांना एकदा हसत सांगितलं, आणि नाताळच्या सुमाराला तो त्यांच्या हातच्या बिस्किटांनी भरून परत यायला लागला. चकलीला त्या 'ती काटेरी' म्हणायच्या. मी तेव्हा एका आरोग्य विमा संस्थेत कायद्यांचे मसुदे वाचायच्या कामावर होतो. आमच्या संघटनेला असाच माणूस हवाय, असं बाईंनीच मला सांगितलं. माझ्यासाठी त्यांनी शब्द टाकला की नाही, ते मी कधी विचारलं नाही. टाकला असणार.

त्यानंतर काही वर्षांनी आरोग्य कार्यालयांच्या कायद्यात बदल करणारा मसुदा आला. मसुदा आला की आम्ही तीन रकान्यांचा तक्ता करायचो. पहिल्यात आजचा कायदा, दुसऱ्यात मसुदा, तिसऱ्यात आमचं म्हणणं. तिसरा रकाना रिकामा सोडला तर त्याचा अर्थ एकच: आमची हरकत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण या धंद्यातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं.

किंडरगार्टनमधल्या तपासणीबद्दलचं कलम साधं दिसत होतं. आईवडिलांनी आपल्या डॉक्टरचं प्रमाणपत्र आणलं की पुरे, कार्यालयाने फेरी करायची गरज नाही. बाईंनी त्यावर सव्वा पान लिहून पाठवलं. ज्या घरांत डॉक्टरकडे जाणं दोन मिनिटांत उरकतं, ज्या मुलांचं गप्प राहणं परक्या भाषेच्या खात्यात जातं, ती मुलं फक्त फेरीतच सापडतात, असं त्यांचं म्हणणं होतं. उदाहरण म्हणून त्यांनी एका मुलीची गोष्ट लिहिली होती, नाव न घेता. मणी, वाडगा, सगळं होतं. ते पान मी तिसऱ्या रकान्यात जसंच्या तसं घातलं.

त्यानंतर दोन दिवसांनी मी मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याबरोबर जेवलो. शांत माणूस, ताटातली मसूर आणि श्पेट्झले नावाच्या इथल्या जाड शेवया सावकाश संपवणारा. त्याने माझ्याकडे काहीही मागितलं नाही, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. तो एवढंच म्हणाला की कमी हरकतींचा कागद वर लवकर सरकतो, आणि मंत्र्यांची नवी सल्लागार समिती बनते आहे, तिच्यात ज्यांच्याबरोबर काम करता येईल अशी माणसं हवी आहेत. त्या समितीत एक खुर्ची मिळावी म्हणून आमचे अध्यक्ष कितीतरी वर्षं झुरत होते. खरं सांगायचं तर मीही. परदेशातून शिकायला आलेला पोरगा मंत्र्यांच्या टेबलाशी बसणार, हे पुण्याला फोनवर आईला कसं सांगायचं तेसुद्धा मी मनात जुळवून ठेवलं होतं.

दुपारी कचेरीत आलो आणि तक्ता उघडला. बाकीच्या हरकती शब्दांच्या होत्या, इकडचा शब्द तिकडे. या एकीसाठी सरकारला माणसं नेमावी लागली असती, म्हणजे ही एकच टोचणारी होती. मी ती पुसली. समितीत गेल्यावर आतून हा प्रश्न सोडवता येईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. अध्यक्षांनी सवयीप्रमाणे वरचं पत्र तेवढं वाचलं आणि सही केली.

ज्या सभासदाने मुद्दा पाठवला त्याला त्याचं काय झालं ते कळवायचं, हा संघटनेचा रिवाज होता. त्यासाठी छापील मजकूर असायचा. बाईंना मात्र मी स्वतः पत्र लिहिलं. आम्ही आपला मुद्दा जोरकसपणे मांडला, खेद वाटतो, मंत्रालयाने तो स्वीकारला नाही. वाक्यं चांगली उतरली होती.

कायदा झाला. विधिमंडळाच्या छापील कागदात त्या कलमाखाली एक ओळ होती: अधिकाऱ्यांच्या संघटनेने हरकत घेतलेली नाही. तो कागद कुणालाही वाचता येत होता. संघटनेच्या वार्षिक सभेत दुसऱ्या जिल्ह्यातले एक डॉक्टर तो हातात धरूनच उठले. इथे लिहिलंय आपली हरकत नव्हती, हे कसं, असं त्यांनी विचारलं. मी मंचावर माईकसमोर होतो. तोंड उघडायच्या आत बाई तिसऱ्या रांगेतून उठल्या.

"मंत्रालयं त्यांना सोयीचं तेवढंच छापतात," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे यांचं पत्र आहे. मला या माणसाचा शब्द पुरेसा आहे."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं कुणीतरी मागून म्हणालं. ते डॉक्टर खाली बसले, आणि तेही माझी माफी मागून. त्या वेळी मी एक वाक्य बोललो असतो तर नोकरी गेली असती, बाकी काही नाही. मी पुढचा विषय घेतला.

खुर्ची मिळाली. समितीत मी तो प्रश्न एकदाच काढला. त्या शांत अधिकाऱ्याने तोच छापील कागद उघडला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि आवाज न चढवता म्हणाला की यावर आपल्या संघटनेची हरकत नव्हती. मी मान डोलावली.

बाईंच्या जिल्ह्यातली फेरी थांबली. मदतनिसाला दुसरं टेबल मिळालं, राखाडी पेटी कपाटात गेली. निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षी, मी डबा द्यायला गेलो असताना, त्यांनी कॉफी ओतता ओतता एका मुलाबद्दल सांगितलं. तो दुसरीत होता. जर्मन कच्चं म्हणून त्याला दोन वर्षं भाषेच्या जादा वर्गाला बसवलं होतं. प्रमाणपत्र व्यवस्थित होतं. त्याचे दोन्ही कान आमच्या मुलीसारखेच होते, पण इतक्या दिवसांत नुसतं पाणी राहिलं नव्हतं, एका कानाचं नुकसान कायमचं झालं होतं. बाई चिडल्या नव्हत्या. माझ्यापुढे कप सरकवून त्या म्हणाल्या, "तुम्ही निदान लिहिलं तरी होतं."

मी कॉफी प्यालो. चांगली होती, असं म्हणालोसुद्धा.

ती खुर्ची मी पुढे सोडली, कारण तब्येतीचं सांगितलं. मुलगी आता मोठी झाली आहे. तिला सगळं ऐकू येतं, आणि मराठीला ती अजूनही जर्मनमध्येच उत्तर देते. बायको दर दिवाळीला डबा भरते आणि माझ्या हातात देऊन म्हणते, "त्यांना सांग, काटेरी या वेळी जास्त घातल्यात." मी तेवढं सांगतो. डबा दर नाताळला भरून परत येतो, आणि वर चिठ्ठीत माझी विचारपूस असते.

त्या मुलाचं मी काय देणं लागतो ते मला ठरवता येत नाही, आणि ते फिटेल असंही वाटत नाही. बाईंचं मात्र ठरलेलं आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांच्यासमोर बसून सांगायचं, की तुमचा परिच्छेद मंत्रालयाने नाही, मी काढला, आणि सभेत तुम्ही माझ्यासाठी उठलात तेव्हा मला ते माहीत होतं. त्याआधी घरी बायकोला. दोन्ही अजून बाकी आहे.