होडीने प्यायलेलं पाणी

साडू आणि मी मिळून घेतलेली फायबरची जुनी होडी पाण्यावर तरंगायची कमी आणि पाण्यात बसायची जास्त. गल्फ सोडून चाललेल्या एका गोऱ्या साहेबाने ती आमच्या गळ्यात घातली होती. साडू अकाउंटंट, मी एसीच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर. दोघांचंही समुद्राचं ज्ञान ताटातल्या सुरमईपुरतं. उम्म अल-कुवैनच्या खाडीत पहिल्यांदा आम्ही दोघं चढलो, तेव्हा होडीची मागची बाजू अशी खाली गेली की काठावर उभ्या असलेल्या माझ्या बायकोने तिथल्या तिथे निकाल दिला, "होडीचा काही दोष नाही. तुम्ही दोघं बघा स्वतःकडे."

आम्ही बघितलं. महिनाभर भात सोडला. मालवणी माणसाने भात सोडणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. आम्ही हलके झालो, होडी होती तिथेच राहिली.

नव्वदीच्या दशकाची अखेर होती. होडी आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, साडूच्या अजमानच्या भाड्याच्या व्हिलाच्या आवारात ट्रेलरवर उभी असायची, आणि दर शुक्रवारी आम्ही तिला गाडी धुवावी तशी नळीने धुवायचो. त्या एप्रिलमध्ये माझी आई व्हिजिट व्हिसावर आली.

आई देवगडकडची, मासेमारीच्या घरातली. वडील, भाऊ, नवरा सगळे दर्यावर गेले, ती मात्र कधी होडीत बसली नाही. आमच्याकडे बायकांनी किनाऱ्यावर थांबायचं, होडी लागली की टोपल्या भरायच्या, बाजार गाठायचा. होडीत पाय ठेवायचा नाही असं कुणी मोठ्याने म्हणत नसे, पण ठेवतही नसे.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने होडीभोवती एक फेरी मारली, कडेवरून हात फिरवला आणि समुद्राच्या दिशेला बोट करून सहज म्हणाली, "झिला, माका एकदा थयसून किनारो बगूचो आसा."

तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही बहुधा पहिली गोष्ट. जूनमध्ये तिचा व्हिसा संपत होता, आणि तिचे गुडघे बघता ती पुन्हा विमानाच्या पायऱ्या चढेल असं कुणालाच वाटत नव्हतं. म्हणजे जे काही व्हायचं ते जूनच्या आत. आणि होडी तर माणसं घ्यायला तयार नाही.

मग साडूने शोध लावला. डेकवर हाताने ठोकत ठोकत जाताना एका जागी पोकळ आवाज यायच्या ऐवजी पोत्यावर थाप मारल्यासारखा आवाज आला. त्याने मागच्या बाजूला खाली ड्रिलने एक भोक पाडलं. भोकातून पाण्याची धार लागली. ट्रेलरवर, जमिनीवर, गेले कित्येक आठवडे खाडीत न उतरलेल्या होडीतून!

"भावजी," साडू हळूच म्हणाला, "हिच्या पोटात फोम असतो. होडी उलटली तरी बुडू नये म्हणून भरतात. तो फोमच पाणी प्यायलाय."

मी वाकून त्या धारेकडे बघत राहिलो. बुडू नये म्हणून पोटात घातलेली वस्तू होडीला गुपचूप बुडवत होती, आणि आम्ही भात सोडून बसलो होतो.

आता उपाय काय? इथे आमची सगळ्यांची अक्कल एकाच दिशेने धावली. समोर गल्फचं ऊन, आणि घरात मासळी सुकवण्यात हयात गेलेली बाई. आई म्हणाली, "हयसर काय, लाकूड पण वाळतला." डेकला जागोजागी मोठी भोकं पाडली आणि होडी उन्हात सोडली. पण नुसती सोडून कसं चालेल? बांगडा सुकवताना उलटत राहावं लागतं. होडी उलटणार कोण? म्हणून आईच्या हुकमावरून साडू आणि मी रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी ट्रेलर ढकलून होडीची एक कूस उन्हाकडे करायचो आणि संध्याकाळी येऊन दुसरी. शर्ट घामाने चिंब व्हायचा. आई व्हरांड्यात काठी घेऊन बसायची. कावळे नव्हते, मांजराला फोममध्ये रस नव्हता, पण राखण केल्याशिवाय काही वाळतं यावर तिचा विश्वास नव्हता.

माझी मुलगी शाळेतून आली की विचारायची, "आजी, इज द बोट कुक्ड येट?"

"होत इली आसा," आजी सांगायची.

मे उलटला. डेक असा तापायचा की हात ठेववत नसे. भोकांतून वरचा फोम पिवळाधमक, बेसनाच्या वडीसारखा खुटखुटीत दिसायला लागला. खलास, झालं, म्हणून साडूने सुरीने एक खोल तुकडा कापून आईच्या हातात दिला. आईने तो मधोमध मोडला. आतून तो काळपट होता. तिने मुठीत दाबला, तर बोटांच्या फटींतून पाणी ओघळून मनगटावर आलं.

"असो बांगडो भायरसून सुको दिसता," ती म्हणाली, "आणि आतसून कुजता." मग तिने एक बोट जिभेला लावलं. मी अगं अगं करेपर्यंत लावलंसुद्धा. "खारट आसा. पण पुरा खारट नाय."

आधी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. बायकोच्या पडला. "शुक्रवारचं आहे ते," ती म्हणाली. "अर्धा समुद्र, अर्धी तुमची नळी."

मग थांबायला वेळच नव्हता. त्या शुक्रवारी साडूने ग्राइंडर आणला आणि आम्ही डेक कापून काढला. वरची दोन बोटं सोडली तर कडेपासून कडेपर्यंत फोम ओला, जड, गच्च. फावड्याने एक लादी सुटी केली. उशीएवढी होती. मी एका हाताने उचलायला गेलो आणि कंबर धरून खाली बसलो. मग दोघांनी मिळून उचलली. आवाराच्या वाळूवर ठेवली तशी तिच्याभोवती ओल पसरत गेली, बराच वेळ पसरतच राहिली. असल्या लाद्यांची रांग लागली. बायकोने उलथनं आणलं, मुलीने वाळूत खेळायचं खोरं, आणि आई काठी टाकून कोपऱ्यांतला चुरा हाताने काढायला बसली.

संध्याकाळी होडी रिकामी झाली आणि आवारात ओल्या फोमचा ढीग होडीहून उंच उभा राहिला. मी त्याच्यासमोर उभा राहून विचार करत होतो: जगाचं पाणी आपण नळातून, ढगातून, दर्यातून मोजतो. पण हे पाणी कुणाच्याच खात्यात नव्हतं. न दिसता, आवाज न करता, सुईएवढ्या भेगांतून थेंब थेंब आत गेलं होतं, आणि या वाळवंटातल्या मे महिन्याला त्याने जराही दाद दिली नव्हती. भीती वाटली म्हणावं तर भीती नव्हती. देवळात गाभाऱ्याचा दिवा दिसला की आवाज आपोआप खाली येतो ना, तसं काहीतरी. साडूही कुजबुजत बोलत होता.

रिकाम्या पोटात काय घालायचं हा प्रश्न बायकोने सोडवला. पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या कधीतरी लागतील म्हणून जपून ठेवणं हा आमच्या घरातल्या बायकांचा धर्म. दोन्ही घरांच्या ओट्याखालून पोती निघाली. बुचं घट्ट लावून बाटल्या आत रचल्या, वर प्लायवूड आणि फायबर. साडूने केलेलं ते काम दिसायला भयंकर होतं, पण पाणी आत घेत नव्हतं.

जूनमधल्या एका पहाटे, ऊन चढायच्या आत, आम्ही होडी खाडीत सोडली. ती पाण्यावर अशी उभी राहिली की आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाची होडी आणलीय. तिच्या अंगावर उमटलेली जुनी पाण्याची रेघ आता पाण्याच्या चांगली वीतभर वर आली होती.

आईने साडीचा काष्टा मारला. कडेला हात लावून तो कपाळाला लावला आणि माझ्या खांद्यावर भार टाकून चढली. बायको आणि मुलगी काठावर थांबल्या. साडूने इंजिन सुरू केलं. खाडीच्या तोंडाशी पाणी शांत, दुधाळ होतं. लांब उथळात पांढरे-गुलाबी पक्षी एका पायावर उभे होते. आई त्यांच्याकडे बघत नव्हती. ती उलटी, किनाऱ्याकडे तोंड करून बसली होती.

बरंच आत गेल्यावर तिने हाताने थांब म्हणून खूण केली. साडूने इंजिन बंद केलं.

किनारा म्हणजे एक पिवळी रेघ उरली होती. तिच्यावर दोन ठिपके. त्यातला एक नारिंगी, माझ्या बायकोची ओढणी. आई डोळे बारीक करून बघत राहिली, मग हात वर करून हलवला. नारिंगी ठिपक्यानेही हात हलवला.

"माज्या बाबांनी माका कधी सांगूक नाय," ती म्हणाली, "हयसून आमी दिसतंव म्हणान."

होडी नुसती हलत होती, हलकी. मग साडूने विचारलं, "फिरवू का, आई?"

"थांब रे," ती किनाऱ्यावरची नजर न काढता म्हणाली. "त्या उभ्या आसत ना अजून."