न पाहता वाजलेली शिट्टी

"बसलात काय गं? उठा!" असं म्हणतच बाई मैदानात यायच्या. खो-खोच्या ओळीत पोरी नियमानंच बसलेल्या असत. मग आम्ही हसायचो, त्याही हसायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना एका जागी थांबता येत नाही. आमच्या बाई पंगतीतून फिरत, ताट हातात धरून जेवत. युद्धाचे दिवस होते, रॉकेल-साखरेची टंचाई. तरी मे महिन्यात कर्जतच्या शाळेत त्यांनी मुलींचं शिबिर भरवलं. आम्ही गावातल्या वकील-मास्तरांच्या मुली, आणि डोंगराखालच्या शेतकऱ्यांच्या. शेवटच्या दिवशी खो-खोचा सामना. "मैत्रीचा हं!" बाई सारखं बजावत होत्या. संघ मात्र आमचे आम्हीच पाडले: आम्ही इकडे, त्या तिकडे.

सामना अगदी अटीतटीला आला. त्यांची सखू एकटीच उरली होती. ती खांबाला वळसा घालून निसटली, माझा हात तिच्या वेणीजवळून रिकामाच गेला, आणि मी ओरडले, "बाद!"

शिट्टी वाजली.

"हात नाय लागला, बाई," सखू म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "लागला?"

"लागला."

आम्ही जिंकलो. सखू वळकटी बांधायला गेली. बाई अंधार पडेपर्यंत मैदानात येरझारा घालत राहिल्या.

दोन दिवसांनी, भर दुपारी, त्या आमच्या दारात. आईनं पाट मांडला, पाणी दिलं. पाणी त्या उभ्यानंच प्यायल्या. "मी सखूकडे निघालेय. त्या वेळी माझी नजर दुसऱ्या खांबाकडे होती. न पाहताच शिट्टी वाजवली मी. दोन दिवस डोळ्याला डोळा नाही." मग हळूच म्हणाल्या, "येतेस?"

मला त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. दोन कोस त्या पुढे भराभर, मी मागे, तापलेल्या फुफाट्यातून.

सखूची आई अंगणात भात पाखडत होती. बाईंना पाहून ती गडबडून उठली. बाई सरळ सखूसमोर गेल्या. "चुकलं माझं. न बघता तुला बाद दिलं."

"येवढ्यासाठी उनातान्हाचं आलात व्हय?" सखूची आई कळवळली.

सखू माझ्याकडे बघत होती. "हात लागला नव्हता," मी म्हणाले. "मी खोटं बोलले."

"आमाला ठाव हाय," सखू म्हणाली. मग पदर खोचून अंगणात धावली. "धर बघू आता!"

काही केल्या ती मला सापडेना. बाई कडेनं पळत ओरडत होत्या, "डावीकडून गं, डावीकडून!" कुणाला सांगत होत्या, त्यांनाच माहीत.

दिवाळीनंतर बाई नोकरी सोडून गेल्या. कुणी खानदेशात म्हणे, कुणी वऱ्हाडात. पुढच्या वर्षी शिबिर झालं नाही. आठवडी बाजारात सखू भेटली की पहिला प्रश्न तोच: "बाईंचं काय कळलं का गं?"

"नाही गं."

मग ती डोक्यावरची पाटी सावरायची आणि आम्ही दोघी थोडा वेळ स्टेशनच्या रस्त्याकडे बघत राहायचो.